यशस्वी कोण, हे ठरवलं कुणी? देवी चळवळीतून एक प्रश्न

"पीएचडी करतोस ते ठीक, पण लागलास का कुठं?"

चिंचपाड्याला सुट्टीत गेलो की स्टेशनपासून घरापर्यंत हा प्रश्न चार-पाच वेळा तरी भेटतो. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर तुम्हालाही तो भेटलेला असणार. 'लागणं' म्हणजे सरकारी नोकरी लागणं. लागला तो यशस्वी, बाकीचे अजून रांगेत. ही मोजपट्टी इतकी सवयीची झाली आहे की ती कधीतरी कुणीतरी तयार केली असेल, हे आपल्या मनातच येत नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आपण मात्र विचारलं पाहिजे, ही पट्टी आली कुठून?

याचं एक जुनं उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. चिंचपाड्याहून सुरतेकडे निघालात की नवापूर लागतं. तिथल्या स्टेशनचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे. त्याच्या पलीकडचा दक्षिण गुजरातचा आदिवासी पट्टा 1922 च्या अखेरीस देवी चळवळीने ढवळून निघाला. पालघरच्या किनाऱ्यावर, कोळ्यांच्या वस्तीत, देवीची साथ शांत करण्याच्या विधीतून ती सुरू झाली आणि गावागावातून पुढे सरकत डोंगराळ भागात पोचली. ज्यांच्या अंगात देवी यायची त्यांच्या तोंडून आज्ञा यायच्या: दारू-ताडी सोडा, मांस-मासे खाऊ नका, रोज आंघोळ करा, पारशी दारूवाल्यांकडे कामाला जाऊ नका.

वरवर पाहिलं तर ही वरच्या जातींची नक्कल वाटते. तेव्हा तिथले सवर्ण स्वतःला 'उजळीपरज' आणि आदिवासींना 'काळीपरज' म्हणत. मग काळ्यांनी उजळ व्हायचं ठरवलं, एवढंच का? डेव्हिड हार्डिमन यांनी 1987 च्या 'द कमिंग ऑफ द देवी' या पुस्तकात वेगळं मांडलं. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर घरी दारू गाळणं गुन्हा ठरला होता. दारू दुकानातूनच घ्यायची, उधारी वाढली की जमीन दुकानदाराकडे जायची. अशा वेळी दारू सोडणं हा थेट आर्थिक घाव होता. म्हणजे पट्टी परकी होती, पण लोकांनी ती स्वतःच्या हातात घेऊन सावकाराविरुद्ध वापरली.

इथपर्यंत गोष्ट अभिमानाची आहे, आणि आपण बहुतेक वेळा इथेच थांबतो. पण पुढे काय झालं तेही बघा.

काही काळाने बरेच लोक जुन्या चालीकडे परतले. समाजात दोन नावं तयार झाली: नियम पाळणारे 'वरजेला' आणि परतलेले 'सरजेला'. आपल्याच माणसांत अंतर पडलं. ज्या पट्टीने बाहेरच्या जुलमाशी लढायला बळ दिलं, तिनेच घरातल्या काहींना नापास ठरवलं. मला वाटतं, यशाची व्याख्या कितीही चांगल्या हेतूने केलेली असो, तिच्या पोटी एक सरजेला जन्माला येतोच.

आजचं चित्र फार वेगळं नाही. आदिवासी मुलगा किंवा मुलगी अधिकारी होते, तेव्हा त्यात शतकाच्या अवहेलनेला दिलेलं उत्तर असतं. तो आनंद खरा आहे, त्याची टिंगल करू नका. पण जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत असताना मागे उरलेल्यांना आपण काय म्हणतो? "त्याचं काही झालं नाही." शेती करतोय, शिकवण्या घेतोय, आईवडिलांना सांभाळतोय, तरी 'काही झालं नाही'.

संशोधकासाठी यात एक कामाचा धडा आहे. यशस्वी माणसं कागद मागे ठेवतात: सत्काराच्या बातम्या, आत्मचरित्रं, स्मरणिका. सरजेलांचे कागद नसतात. हार्डिमन सरकारी दफ्तरावर थांबले नाहीत, गावोगाव जाऊन म्हाताऱ्या माणसांशी बोलले. म्हणूनच ही चळवळ आतून कशी दिसत होती ते आपल्याला कळतं.

तेव्हा विषय निवडताना स्वतःला तीन प्रश्न विचारा. ही मोजपट्टी कुणी आणली? ती कुणी, कशासाठी उचलली? आणि तिच्यात न बसलेली माणसं मला कुठे भेटतील?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला अभिलेखागारात जावंच लागेल, पण सुरुवात घरच्या ओट्यावरूनही होते. मागच्या सुट्टीत पुन्हा तोच प्रश्न आला, "लागलास का?" मी नेहमीसारखा चिडलो नाही. शेजारी बसलो आणि विचारलं, "काका, तुमच्या वेळी कुणाला मोठा माणूस म्हणायचे?" काका दोन तास बोलले. वहीची अकरा पानं भरली.

तुम्हीही विचारून बघा.