मूल रमवण्याचा आग्रह

पावसाची झड लागली की शहरातल्या घराघरांत एकच चिंता असते: तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभर घरात रमवायचे कसे? ठरलेले उत्तर असे, की त्याला सतत काहीतरी पुरवत राहावे. आज रंगकाम, उद्या कागदकाम, मग नवे खेळणे, आणि काहीच चालेनासे झाले की मोबाइल. मूल रिकामे राहिले की किरकिरते, म्हणून त्याला गुंतवून ठेवणे हे आईबापांचे कर्तव्य, असा या मताचा गाभा आहे. मला तो मुळातच चुकीचा वाटतो.

या मतामागची अडचण मात्र खरी आहे. घर दोन खोल्यांचे, अंगण नाही, आजी गावाकडे, आईबाप दोघेही नोकरीवर. अशा वेळी मुलाच्या हाती मोबाइल देणाऱ्या आईला मी दोष देणार नाही. रमवण्याचे ओझे जिने तिच्यावर लादले, ती समजूतच दोषी आहे.

ही समजूत अनुभवाने केव्हाच खोटी ठरली आहे. 6 जानेवारी 1907 रोजी रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत मारिया माँटेसरी यांनी पहिले बालगृह सुरू केले. तिथे देखणी खेळणी होती, पण मुले ती घेत नसत. बाईंनी स्वतः बसून बाहुलीची भांडीकुंडी मांडून दाखवली. मुलांनी क्षणभर पाहिले आणि ती निघून गेली. याच मुलांना त्यांनी एकदा नाक नीट कसे शिंकरावे हे दाखवले, तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्यांना येते ते आपल्याला यावे, ही त्या वयाची खरी भूक असते.

हे परदेशातले, असे म्हणता येणार नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. शिंपले, बिया, पाने, खडे, माती हीच तिथली साधने. विकतच्या खेळण्यांवाचून त्या मुलांचे काही अडले नाही.

म्हणून घरातही मुलाला खेळणी पुरवत राहण्यापेक्षा आपल्या रोजच्या कामात सोबत घ्यावे. यावर आक्षेप येतो, की मुलांना कामाला जुंपणे म्हणजे त्यांचे खेळणे हिरावणे. उलट, खेळाला कच्चा माल मिळतो तो कामातूनच. मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांनी 1933 च्या व्याख्यानात दाखवले, की 'आई' झालेली मुलगी आईच्या वागण्याचे नियम पाळते. पोळी लाटताना जिने जवळून पाहिलेच नाही, तिची भातुकली कशी रंगणार? शिवाय इथे काम उरकून घ्यायचे नाही. मुलाने मेथी निवडली तर वेळ दुप्पट लागेल, चार देठ भाजीत राहतील. ते राहू द्यावेत. धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावणे, डब्यांना झाकणे बसवणे, लसणाच्या पाकळ्या सुट्या करणे यांत मूल जितके बुडून जाते तितके कोणत्याही बॅटरीवरच्या खेळण्यात जात नाही. वाटाणे आणि शेंगदाणे मात्र या वयाच्या मुलांपासूनही दूरच ठेवावेत. ते नाकात जातात, श्वासनलिकेत अडकतात.

एक मर्यादा मान्य केली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनाप्रमाणे तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसात किमान 180 मिनिटे हालचाल व्हायला हवी, आणि पडद्यासमोर बसणे एका तासाच्या आत. घरकामाने ती हालचाल पुरी होत नाही. जिना, गच्ची, पाऊस ओसरल्यावरचे मैदान हवेच.

आणि किरकिर? ती ऐकून लगेच धावू नये. रिकामे बसलेले मूल थोड्या वेळाने स्वतःच चादरीचा तंबू करते. पण आपण मधे पडलो तर तो तंबू उभा राहत नाही. उद्या पाऊस लागला, तर नवे खेळणे मागवण्याआधी मेथीची जुडी मुलापुढे सोडा आणि तुम्हीही शेजारी निवडायला बसा.