नाव आधी, आज्ञा नंतर

पडद्यावरच्या चौकटीत सेल्सिअसमधले तापमान लिहायचे, खालचे बटण दाबायचे, की शेजारी फॅरनहाइटमधला आकडा उमटतो. व्हिज्युअल बेसिक शिकताना आम्ही लिहिलेला हा पहिल्या काही प्रोग्रॅमपैकी एक. तो व्यवस्थित चालला. मग बटणाचे ‘कमांड१’ हे नाव आवडेना म्हणून ते बदलून ‘कन्व्हर्ट’ केले, आणि बटण मुके झाले. दाबले तरी काही घडेना. चूक झाल्याचा संदेशही नाही. लिहिलेल्या आज्ञा तर जिथल्या तिथे होत्या. मग बिघडले काय?

उत्तरासाठी थोडे मागे जाऊ. अमेरिकेतल्या डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी आणि टॉमस कर्ट्झ या गणिताच्या प्राध्यापकांनी १९६४ साली बेसिक ही भाषा तयार केली. विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही संगणक वापरता यावा, हा त्यांचा हेतू. या पहिल्या बेसिकमध्ये चलाचे नाव म्हणजे एक रोमन अक्षर, किंवा एक अक्षर व त्यापुढे एक अंक. म्हणजे २६ अधिक २६०, एकूण २८६ नावे. दहा ओळींच्या प्रोग्रॅमला तेवढी पुष्कळ झाली. पण दोनशे ओळींमध्ये ‘टी१’ म्हणजे तापमान की वेळ, हे लिहिणाराच विसरतो.

केमेनींप्रमाणेच बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या चार्ल्स सिमोनी यांनी १९७०च्या दशकात नावांचाच विचार केला. प्रत्येक नावाच्या सुरुवातीला ती राशी कोणत्या जातीची आहे, हे सांगणारी दोन-तीन अक्षरे जोडावीत, अशी त्यांची पद्धत. तक्त्यातल्या ओळीचा क्रमांक आणि स्तंभाचा क्रमांक, दोन्ही पूर्णांकच. पण त्यांची बेरीज मीटरमध्ये सेकंद मिळवण्याइतकीच निरर्थक. नावात जात दिसली की अशी चूक डोळ्यांना खुपते. हंगेरीत आडनाव आधी लिहितात. या पद्धतीलाही ‘हंगेरियन’ हेच नाव पडले.

१९८८ साली अॅलन कूपर यांनी पडद्यावरची मांडणी चित्रासारखी जुळवण्याचे एक साधन मायक्रोसॉफ्टला दाखवले. कंपनीने ते घेतले, त्याला बेसिकची जोड दिली आणि १९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक बाजारात आले. आता केवळ संख्यांनाच नव्हे, तर बटणांना आणि चौकटींनाही नावे लागू लागली. बटण काढले की संगणक स्वतःच त्याला ‘कमांड१’ म्हणतो. त्यावर दोनदा टिचकी मारली की आज्ञा लिहायला जागा उघडते. तिचे शीर्षक असते ‘कमांड१_क्लिक’: आधी वस्तूचे नाव, मग घटनेचे.

बटण आणि आज्ञा यांना बांधणारा धागा हे शीर्षकच होते. आम्ही बटणाचे नाव बदलले, शीर्षक मात्र जुनेच राहिले. धागा तुटला. ‘कमांड१’ नावाची वस्तूच उरली नाही, तेव्हा संगणकाने त्या आज्ञा एक स्वतंत्र तुकडा मानून बाजूला ठेवल्या. त्यात नियमभंग काहीच नव्हता, म्हणून संदेशही नाही. नाव आधी ठेवावे आणि आज्ञा नंतर लिहाव्यात, हा धडा यातून मिळाला. बटणासाठी ‘सीएमडी’, मजकुराच्या चौकटीसाठी ‘टीएक्सटी’ अशी अक्षरे नावाआधी जोडण्याची रीतही पुढे रूढ झाली. ती सिमोनींच्याच विचारातली.

२००२ साली आलेल्या व्हिज्युअल बेसिक डॉट नेटमध्ये हा संबंध वेगळा नोंदवला जाऊ लागला. नंतर नाव बदलले तरी तो तुटत नाही. पण ‘बटन१’, ‘बटन२’, ‘बटन३’ यांपैकी कोणते काय करते, हे वाचणाऱ्याला तेव्हाही कळत नव्हते आणि आजही कळत नाही. ते सांगणे माणसाचेच काम.

वर्गात हे संगणकाशिवायही करून पाहता येईल. फळ्यावर दोन चौकटी व तीन बटणे काढा आणि मुलांना नावे द्यायला सांगा. मग चित्र पुसून फक्त नावे दुसऱ्या वर्गाला दाखवा. प्रोग्रॅम काय करतो, हे त्यांना ओळखता आले, तर नावे चांगली.