रुग्णशय्या आणि संगीत

संगीताने रोग बरे होतात काय, असा प्रश्न आपल्याकडे निघाला की संभाषण लगेच रागांच्या यादीवर येते. रक्तदाबाला अमुक राग, निद्रानाशाला तमुक, अशी कोष्टके पुष्कळांनी केली आहेत. आणि मल्हार गाऊन पाऊस पाडल्याच्या दंतकथा ऐकत वाढलेल्या आपल्या मनाला ती चटकन पटतातही. त्यांची टिंगल करावी असा आमचा हेतू नाही. परंतु त्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते : गाणारा कोणी दुसरा, आणि रोग्याने मात्र गोळी गिळावी तसा राग मुकाट्याने गिळावयाचा. रुग्णालयांतील संगीताचा इतिहास चाळला म्हणजे हे गृहीत कसे बदलत गेले ते दिसते. आज आम्हांस सांगावयाचे आहे ते तेवढेच.

आरंभ घरापासून करू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या अध्यायात, वमन-विरेचनासाठी रुग्णाला ठेवावयाचे घर कसे असावे हे सांगितले आहे. घर मजबूत असावे, धूर-धूळ आत येऊ नये, पाण्याची, स्नानाची, शौचाची, स्वयंपाकाची सोय असावी. उखळ-मुसळदेखील विसरलेले नाही. याच यादीत, चाकर-परिचारकांच्या जोडीला, गाणारे, वाजविणारे आणि गोष्टी सांगणारे लोकही आहेत. ही सोय राजेरजवाड्यांची आणि धनिकांची होती हे खरे. तरी ध्यानात घेण्यासारखे असे की, गवई येथे मांत्रिक म्हणून आलेला नाही; शुश्रूषेच्या साहित्यात तो बसला आहे.

हीच कल्पना सार्वजनिक रुग्णालयात नांदलेली पाहावयाची तर तुर्कस्थानातील एदिर्ने नगरीत जावे लागते. तेथे सुलतान दुसरा बायझिद याने 1488 मध्ये मशीद, वैद्यकाची पाठशाळा आणि रुग्णालय असा मोठा परिसर उभा केला. मोठ्या घुमटाखाली कारंजे, आणि भोवती रुग्णांच्या खोल्या. सतराव्या शतकात एवलिया चेलेबी नावाचा प्रवासी येथे आला. आठवड्यातून तीन वेळा दहा गायक-वादक रुग्णांपुढे आणि वेड लागलेल्यांपुढे वाजवीत, असे त्याने लिहून ठेवले आहे. तेथेही मकामांचा रोगाशी मेळ घालण्याची पद्धत होतीच. वेडाच्या रोग्याला साखळदंड घालण्याच्या काळात त्याला गाणे ऐकविणारा सुलतान थोरच म्हटला पाहिजे. पण रोगी येथेही श्रोताच राहिला.

पुढचे पाऊल आम्हांस इंग्लंडात दिसते. वूस्टरजवळ पॉविक येथे गोरगरिबांसाठी वेड्यांचे इस्पितळ होते. तेथील नोकरवर्गाचा एक वाद्यवृंद होता, आणि 1879 मध्ये त्याच्या प्रमुखपदी बावीस वर्षांच्या एका तरुणाची नेमणूक झाली. हा तरुण म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेला संगीतकार एडवर्ड एल्गार. 1884 पर्यंत तो हे काम करीत होता. त्याने तेथे रचल्या त्या नाचाच्या चाली. कारण त्या इस्पितळात रुग्णांसाठी नाच होत. ज्यांना समाजाने भिंतीआड टाकले होते ती माणसे तालावर पाऊल टाकू लागली. संगीत आता कानातून पायांत उतरले होते.

दुसऱ्या महायुद्धाने या गोष्टीला व्यवसायाचे रूप दिले. जखमी आणि मनाने खचलेल्या सैनिकांनी अमेरिकेतील इस्पितळे भरली, तेव्हा हौशी गवयांचे कार्यक्रम पुरे पडेनात. मिशिगनमध्ये 1944 साली संगीतोपचाराचा पदवी-अभ्यासक्रम सुरू झाला. 1945 मध्ये युद्धखात्याने या विषयावर पत्रक काढले, आणि रुग्णाने स्वतः भाग घेण्यावर त्यात भर दिला. 1950 मध्ये या व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. आता प्रश्न ‘गवई किती मोठा?’ हा नव्हता. रोगी कोण, त्याच्याकडून काय करवून घ्यावयाचे आणि त्याचा लाभ मोजावयाचा कसा, हा होता.

या वाटेचा शेवटचा टप्पा फार हृद्य आहे. पक्षाघाताने वाचा गेलेला मनुष्य कधीकधी गाऊ शकतो, हे अठराव्या शतकातच स्वीडनमधील ओलोफ डालिन याने नोंदविले होते. ज्याला साधा शब्द उच्चारता येत नाही तो भजनाचे चरण म्हणतो! पण या नवलातून उपचार निघावयास दोनशेहून अधिक वर्षे गेली. 1973 मध्ये बॉस्टनच्या तज्ज्ञांनी एक पद्धत प्रसिद्ध केली. ‘पाणी हवे’ असे साधे वाक्य उंच आणि खालच्या अशा दोन सुरांवर गुणगुणावयाचे, प्रत्येक अवयवासरशी डाव्या हाताने ठेका धरावयाचा, आणि सराव होईल तसतसा सूर काढून टाकून निव्वळ बोलणे उरवावयाचे. यात मेंदूचा उजवा भाग डाव्याचे काम उचलतो, की खरे काम तालच करतो, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. सर्वांनाच सारखा गुण येतो असेही नाही. पण येथे गाणारा रोगी स्वतः आहे, यात मतभेद नाही.

मग संगीताला औषध म्हणावे काय? 2017 मध्ये कॉक्रेन या संस्थेने नैराश्यावरील 9 अभ्यास एकत्र तपासले. त्यांत 421 रुग्ण होते. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला संगीतोपचार दिला असता थोड्या मुदतीपुरता तरी फायदा दिसतो, असा निष्कर्ष निघाला. ‘जोडीला’ हा शब्द आम्ही मुद्दाम अधोरेखित करतो. राग ऐकून कोणी रक्तदाबाची गोळी बंद करील, तर त्याचे प्राण धोक्यात येतील, आणि संगीताचीही अप्रतिष्ठा होईल.

शेवटी पुन्हा आपल्या भूमीकडे वळू. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. तो वैद्यांच्या कुळातला. ग्रंथाच्या आरंभीच त्याने गर्भाची वाढ आणि शरीराची रचना सविस्तर सांगितली, कारण नाद उठतो तो देहातून. कोष्टके करताना आम्ही हाच आरंभ विसरलो. आपल्या घरी कोणी अंथरुणाला खिळले असेल, तर ध्वनिमुद्रण लावून खोलीबाहेर जाऊ नये. वैद्याचे औषध वेळेवर द्यावे, आणि मग उशाशी बसून त्याच्या ओळखीची ओवी धरावी. पुढची ओळ त्याला म्हणू द्यावी.