दवंडी, पाटी आणि जाहिरात : बेळगाव-निपाणीकडील जुन्या बाजाराविषयी



स्मृतिव्याख्यानासाठी सामान्यतः भारदस्त विषय निवडण्याचा प्रघात आहे. मी निवडलेला विषय तसा नाही. आपल्या पणजोबांनी साबणाची पहिली वडी कोणत्या दुकानातून आणली, तिचा भाव कसा ठरला, आणि ती वस्तू बाजारात आली आहे हे त्यांना कळले तरी कसे, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे. या सीमाभागाच्या इतिहासाची पुष्कळ चर्चा झाली आहे. ती लढ्यांची आणि खलित्यांची चर्चा आहे आणि ती व्हावयासही हवी. परंतु ज्या माणसांनी ते लढे दिले ती माणसे रोज बाजारात जात होती, या गोष्टीकडे आपले लक्ष क्वचितच गेले आहे. याला एक साधे कारण आहे. जुन्या मासिकांचे वर्षभराचे अंक एकत्र बांधताना पुढची-मागची जाहिरातींची पाने काढून टाकण्याची रीत देशोदेशीच्या ग्रंथालयांत होती. अग्रलेख राहिला, कविता राहिली; दुकानदाराचे बोलणे मात्र रद्दीत गेले. त्या रद्दीतले जे काही हाती उरले आहे, त्याविषयी आज बोलावयाचे आहे.

प्रथम शब्दाकडेच पाहू. ‘जाहीर’ हा अरबी शब्द फारशीमार्गे आपल्याकडे आला आणि आपण तो सरकारी कामात मुरवला. जाहीरनामा सरकारचा, जाहीर लिलाव सरकारचा, आणि दवंडीही सरकारची. डफावर थाप पडली की लोक उंबऱ्याशी येत ते सारा, साथ किंवा जप्ती यांपैकी काहीतरी ऐकण्यासाठी. व्यापाऱ्याने आपल्या मालाची दवंडी पिटावी ही कल्पना जुन्या पेढीला रुचणारी नव्हती. ज्याचा माल खपत नाही तोच ओरडतो, असा तेव्हाचा समज होता. आणि ओरडण्याची गरज तरी काय होती? गणपत गल्लीतल्या किंवा खडे बाजारातल्या दुकानदाराला गिऱ्हाइकाचे घर, त्याची शेती, घरातले लग्नाचे वय झालेले मूल, हे सारे ठाऊक असे. गिऱ्हाइकाला दुकानदाराची तागडी ठाऊक असे. उधारी खतावणीत मोडीमध्ये मांडली जाई. मारवाडी आणि गुजराती पेढ्या आपल्या लिपीत लिहीत, लिंगायत वाणी कानडीत लिहीत. सकाळची भवानी झाल्याशिवाय उधार द्यावयाचे नाही, हा नियम मात्र सर्व लिप्यांत सारखाच होता.

भावाचेही तसेच. जनावरांच्या बाजारात आणि अडतीच्या व्यवहारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरे. दहा माणसे भोवती उभी असत आणि कोणालाही आकडा कळत नसे. मालाची किंमत चारचौघांत सांगणे हा जाहिरातीचा पाया, आणि आपला बाजार नेमकी किंमतच झाकून ठेवीत होता. शेतमालाच्या नियंत्रित बाजारांसाठी मुंबई इलाख्यात १९३९ साली कायदा झाला, त्यामागे उघड लिलाव व्हावा ही एक प्रमुख दृष्टी होती. रुमाल त्यानंतरही अनेक वर्षे निघाला नाही, ही गोष्ट वेगळी.

मग हा झाकलेला बाजार उघडा कशाने झाला? माझे उत्तर असे की, अनोळखी वस्तूने. आणि अनोळखी वस्तू आणली ती रेल्वेने. त्यापूर्वी बेळगावचा मोठा व्यापार बैलगाड्यांनी आंबोली घाटातून वेंगुर्ल्याच्या बंदराकडे उतरे. सदर्न मराठा रेल्वेचा मार्ग १८८७ साली बेळगावला पोहोचला. पुढील दोन-तीन वर्षांत एका बाजूने लोंढ्यावरून मुरगाव बंदराशी आणि दुसऱ्या बाजूने मिरजेवरून पुण्याशी तो जोडला गेला. वेंगुर्ल्याची रया गेली आणि बेळगावचे स्टेशन हेच बंदर झाले. निपाणीला मात्र रेल्वे आली नाही. पुणे-बंगळूर हमरस्ता आणि फोंडा घाटाकडे जाणारी वाट यांवरच तिचा व्यापार उभा राहिला. रेल्वे गाठावयाची तर गाडी चिकोडी रोडला किंवा कोल्हापूरला न्यावी लागे. या फरकाचा परिणाम पुढे दिसेल.

बेळगावात तेव्हा खरे पाहता तीन बाजार होते. कॅम्पात गोऱ्या पलटणींसाठी थाटलेली दुकाने, तेथील पाट्या इंग्रजी. गावात पेठा आणि गल्ल्या. आणि शहापूर, जे सांगली संस्थानच्या अंमलाखाली होते. एका रस्त्याच्या अंतरावर राज्य बदलत असे. शहापूर-वडगावच्या विणकरांच्या साड्या कोकणात आणि गोव्यात जात, त्या आपल्या काठपदरानेच ओळखल्या जात. लुगड्याचा काठ हीच त्या मालाची जाहिरात होती, असे म्हणावयास हरकत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. १८८८ साली बेळगावात ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ अशी पाटी लागली. दुकान सायकलींचे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म याच जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली झाला. ते मुंबईत चित्रकला शिकावयास गेले, परंतु रंग ओळखण्यात दृष्टिदोष आढळल्याने यांत्रिक रेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. ते मुंबईहून सायकली पाठवीत आणि त्यांचे बंधू रामुअण्णा येथे विकीत. त्या काळी एका सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये पडे आणि ती चालवावयास शिकविण्याचे पंधरा रुपये घेतले जात, असे सांगतात. श्रोत्यांनी या पंधरा रुपयांकडे लक्ष द्यावे. वस्तू विकण्यापूर्वी ती वापरावयाची विद्या विकावी लागत होती. रस्त्यावरून तोल सावरीत जाणारा शिकाऊ इसम हीच त्या दुकानाची चालती-बोलती जाहिरात होती, आणि तिचे पैसे गिऱ्हाईकच देत होते!

बढतीत डावलले गेल्यावर लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि १८९७ साली ते बेळगावास आले. ठळकवाडीच्या बाजूला त्यांनी लहानसा कारखाना काढला. आधी कडबा कापण्याची यंत्रे, मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. येथे मात्र सायकलीची युक्ती चालेना. सायकल ही हौस होती, नांगर हा धर्म होता. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली असे सांगितले जाते. गल्लीतल्या ओळखीवर हा माल खपणे शक्य नव्हते, कारण ज्याला तो हवा तो शेतकरी गल्लीत नव्हता. तो कदाचित साताऱ्याकडे किंवा सोलापूरकडे होता आणि त्याचे नाव-गाव कोणालाच माहीत नव्हते. अशा माणसापर्यंत पोहोचण्याची एकच वाट होती, वर्तमानपत्राची. किर्लोस्करांनी ‘केसरी’सारख्या पत्रांतून आपल्या यंत्रांच्या जाहिराती दिल्या, त्या या निकडीपोटी. माझ्या समजुतीप्रमाणे आपल्या भागातील आधुनिक जाहिरातीचा जन्म येथे आहे. ओळखीच्या माणसाला भुलविण्याची त्यात गरज नव्हती. अनोळखी माणसाची शंका फेडणे हे तिचे पहिले काम होते.

पुढची हकीकत आपल्या गावाने फारशा अभिमानाने सांगावी अशी नाही. नव्या वसाहतीसाठी जागा हवी म्हणून नगरपालिकेने कारखान्याची जागा खाली करावयास सांगितले. लक्ष्मणराव हवालदिल झाले. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा बत्तीस एकर माळ आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले, आणि मार्च १९१० मध्ये कारखाना तिकडे हलला. निवडुंगाचा तो माळ पुढे किर्लोस्करवाडी झाला. वसाहत वसविणे हे नगरपालिकेचे कामच होते, हे मान्य केले पाहिजे. तथापि शहरात कारखान्यालाही जागा लागते, एवढा विचार त्या कागदावर कोणी केलेला दिसत नाही.

वाडीवर जाहिरातीचे काम शंकरराव किर्लोस्करांकडे आले. हे गृहस्थ हाडाचे चित्रकार. अमेरिकेतील फोर्ड कंपनी गिऱ्हाइकांसाठी एक नियतकालिक काढीत असे. त्यावरून सुचून त्यांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. नांगराच्या अडत्यांना आणि शेतकऱ्यांना पाठवावयाचे ते पत्रक वाढत वाढत मराठीतील एक मान्यवर मासिक झाले, आणि त्याच संस्थेतून १९३० साली ‘स्त्री’ निघाले. नांगराच्या जाहिरातीच्या मुळातून मराठी मध्यमवर्गाचे वाचन वाढले, ही घटना वाङ्मयेतिहासात नोंदली गेली आहे. तिचे बी बेळगावच्या मातीत पडले होते, हे मात्र बेळगावकरही विसरतात.

अनोळखी विक्रेता आणि अनोळखी गिऱ्हाईक यांच्यामध्ये विश्वास कोणी ठेवावयाचा? हा प्रश्न एकट्या आपलाच नव्हता. ब्रिटनमध्ये वेल्स प्रांतातील न्यूटाऊन या लहान गावी प्राइस जोन्स नावाच्या कापडवाल्याने १८६१ च्या सुमारास टपालाने फ्लॅनेल विकावयास आरंभ केला. यादी टपालाने जाई, मागणी टपालाने येई आणि माल रेल्वेने रवाना होई. डोंगराळ भागातला दुकानदार राणीच्या राजवाड्यापर्यंत माल पोचवू लागला. आपल्याकडे हेच काम पोस्टाच्या ‘व्ही. पी.’ने केले. माल हाती पडल्यावर पोस्टमनला पैसे द्यावयाचे, अशी ही सोय १८७७ पासून होती. १८८० पासून मनिऑर्डर आली. खानापूर किंवा हुक्केरीच्या शिक्षकाला मुंबई-पुण्याचे घड्याळ, पुस्तक किंवा औषध घरबसल्या मिळू लागले. आज फोनवर वस्तू मागवून दारात पैसे देणाऱ्या तरुणांना ही सोय नवी वाटते. त्यांच्या पणजोबांनी ती खाकी पोशाखातल्या पोस्टमनच्या हातून अनुभवली होती.

व्ही. पी.ने लबाडीही घरपोच आणली. तेव्हाच्या पत्रांत आणि ‘मासिक मनोरंजन’सारख्या मासिकांत बालामृते, केशतेले, मलमे आणि शक्तिवर्धक गोळ्या यांची दाटी असे. एकच गोळी अशक्तपणापासून संधिवातापर्यंत सर्व विकार घालवी. अग्रलेखात राष्ट्राच्या तेजाची चर्चा आणि शेजारच्या स्तंभात त्या तेजाची बाटली! पत्रे अशा जाहिरातींवर जगत होती, हे कटू असले तरी खरे आहे. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा व्हावयास १९५४ साल उजाडले.

बेळगावातही पत्रे होती. ‘बेळगाव समाचार’ १८६३ पासून निघत होते आणि बाबुराव ठाकुरांचे ‘तरुण भारत’ १९१९ साली निघाले. स्थानिक दुकानदाराला पुण्याच्या पत्रापेक्षा हे पत्र सोयीचे. परंतु अनेकांना भिंतीवरचे कॅलेंडर अधिक भरवशाचे वाटे. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाल्यापासून लक्ष्मी-सरस्वती घरोघर आल्या होत्या. त्यांच्या पायाशी दुकानाचे नाव छापले की ते वर्षभर देवघरात राही. वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी चुलीत जाई. लक्ष्मीला कोण चुलीत घालणार?

स्वदेशीच्या चळवळीने, म्हणजे १९०५ नंतर, जाहिरातीला एक नवा शब्द दिला. ‘विलायती’ हे तोवर मालाच्या उत्तमपणाचे प्रमाणपत्र होते, आता ‘स्वदेशी’ झाले. डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि खादी ही आपल्या जिल्ह्याच्या बाजारातली वस्तू झाली. गंगाधरराव देशपांडे यांनी हुदली येथे खादीचे काम वाढविले. विडीलाही स्वदेशीचा हातभार लागला, कारण सिगारेट परदेशी ठरली. निपाणीच्या तंबाखूला यामुळे दूरदूरचे गिऱ्हाईक मिळाले. परंतु निपाणीचे नाव विडीच्या कट्ट्यावर क्वचितच आले. तंबाखू निपाणीच्या वखारीत चाळली जाई, पोत्यांतून हमरस्त्याने बाहेर जाई आणि परगावच्या कारखानदाराच्या लेबलाखाली विकली जाई. नाव ज्याचे, नफ्याचा मोठा वाटाही त्याचा. वखारीत तंबाखूची धूळ खात राबणाऱ्या बायांची आणि पिकविणाऱ्या शेतकऱ्यांची दखल जगाने घेतली ती फार उशिरा. १९८१ साली शेतकऱ्यांचे आंदोलन झाले, हमरस्त्यावर गोळीबार होऊन माणसे मेली, तेव्हा.

शेवटी पाटीविषयी. ज्या काळाबद्दल मी बोलत आहे, त्या काळी दुकानावरची पाटी कोणत्या भाषेत असावी हे गिऱ्हाईक ठरवी. दुकानदार मराठीत भाव सांगे, कानडीत घासाघीस करी, मुसलमान गिऱ्हाइकाशी हिंदुस्थानीत बोले आणि कॅम्पात जाऊन इंग्रजीत बिल करी. चारही भाषांत त्याची एकच इच्छा असे, की गिऱ्हाईक पायरी चढून वर यावे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, आणि पाटीवरच्या अक्षरांना बाजाराबाहेरचा अर्थ आला. अक्षर केवढे, वर कोणते, खाली कोणते, यांवर आंदोलने झाली, पाट्यांना काळे फासले गेले. २०२४ साली कर्नाटकाने पाटीवरचा साठ टक्के भाग कानडी असावा असा कायदा केला. कानडी भाषेचा मान राखला जावा याविषयी माझी तक्रार नाही. परंतु मोजपट्टी घेऊन पाटीपुढे उभा राहणारा अधिकारी पाहिला की त्या जुन्या दुकानदाराची आठवण येते. मराठी अक्षर पाटीवरून उतरले तर त्या भाषेतले गिऱ्हाईक आपल्याच गावात परके होते, ही त्याला कळणारी गोष्ट होती.

विद्यार्थ्यांसाठी एक काम सुचवितो. आपापल्या घरी जुनी बिले, कॅलेंडरे, औषधांचे डबे, व्ही. पी.च्या पावत्या असतील, त्या शाळेकडे आणून द्याव्यात. त्यांवरचा छापखाना, पत्ता, लिपी आणि भाव नोंदवून ठेवावेत. मोडी वाचणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत, तेव्हा खतावण्यांपासून आरंभ करावा. आणि एखाद्या सायंकाळी किर्लोस्कर रोडने फिरून यावे. ज्यांना गावात कारखान्यापुरती जागा मिळाली नाही, त्यांच्या आडनावाची पाटी तेथे अजून आहे.