पाय लुळे, दोष गळ्यात : एका विस्मृत पक्षाघाताचा इतिहास

थ्रेड 🧵

१/ तिशीतला धडधाकट पुरुष लग्नाच्या पंक्तीत जिलबीवर ताव मारून झोपतो आणि पहाटे त्याला पाय उचलता येत नाहीत. शुद्ध शाबूत, वाचा स्पष्ट. घरचे 'लकवा' म्हणतात. पण लकवा बहुधा शरीराची एक बाजू धरतो, येथे दोन्ही पाय एकदम गेलेले असतात. काही तासांनी ते आपोआप पूर्ववत होतात, आणि मग त्याच माणसावर सोंगाचा आळ येतो.

२/ दोष असतो गळ्यातील थायरॉईड ग्रंथीत. गलगंडाचे वर्णन सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात आहे. अतिक्रियाशील ग्रंथीची ओळख मात्र १९व्या शतकातली: १८३५ साली डब्लिनच्या ग्रेव्ह्ज यांनी छातीत धडधड होणाऱ्या स्त्रिया वर्णिल्या, १८४० साली जर्मनीत बासेडो यांनी गलगंड, धडधड आणि बाहेर आलेले डोळे अशी त्रयी मांडली. लुळ्या पायांना त्या त्रयीत जागा नव्हती. ती नोंद रोझेनफेल्ड यांनी १९०२ साली केली.

३/ युरोपात हा प्रकार दुर्मीळच राहिला. त्याचे खरे रूप आशियात उलगडले. १९५७ च्या जपानी पाहणीत थायरॉईडच्या अतिक्रियेने पीडित पुरुषांपैकी सुमारे ८ टक्क्यांना असे झटके आलेले आढळले. स्त्रियांत अर्धा टक्काही नाही. १९६७ मध्ये हाँगकाँगमधील चिनी पुरुषांत हे प्रमाण १३ टक्के भरले. गंमत पाहा, मूळ आजार स्त्रियांत कितीतरी अधिक, पण पाय जातात ते पुरुषांचे! 'बायकांचा आजार' या समजुतीने किती निदाने हुकली असतील, कोण जाणे.

४/ कारण काय? वाढलेल्या संप्रेरकामुळे स्नायूपेशींतील पंप अतिवेगाने चालतात आणि रक्तातले पोटॅशियम पेशींत ओढले जाते. गोडधोड खाल्ल्यावर वाढणारे इन्शुलिन त्यात भर घालते. म्हणूनच अशक्तपणा समजून सद्हेतूने लावलेली ग्लुकोजची बाटली घातक ठरू शकते. पोटॅशियम फार घसरले, तर हृदयाची लय बिघडून जीवावर बेतते. उलट, ते बाहेरून भरमसाट दिले, तर पेशींतले परत येताना रक्तातली पातळी धोकादायकरीत्या वर जाते. जपानमध्ये पुढील काही दशकांत झटक्यांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. आहारातील पिष्टमय पदार्थ घटल्याचा तो परिणाम असावा, असे मानतात.

५/ ग्रंथी शांत झाली की झटके थांबतात. त्यासाठी गोळ्या आहेत, शस्त्रक्रिया आहे, आणि १९४१ साली बोस्टनमध्ये सॉल हर्ट्झ यांनी प्रथम वापरलेले किरणोत्सारी आयोडीनही. थायरॉईड आयोडीन शोषून घेते. त्यामुळे किरणोत्सार नेमका तेथेच पोहोचतो.

६/ येथे महाराष्ट्र या कथेत येतो. आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मे होते; परदेशातून मागवलेला साठा वाटेतच क्षीण व्हायचा. ते जवळ बनणे आवश्यक होते. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्यात 'अप्सरा' अणुभट्टी कार्यान्वित झाली आणि समस्थानिकांची देशी निर्मिती शक्य झाली. १९६३ साली अणुऊर्जा खात्याने परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर उभारले. थायरॉईडचे विकार हा त्याच्या कामाचा एक मोठा भाग. नाशिककरासाठी हे अंतर म्हणजे पंचवटी एक्स्प्रेसने दादर आणि तेथून पुढचे स्थानक.