वडापाने पारखलेली गाडी

नसरापुरात कुणाला सात माणसांची गाडी घ्यायची झाली की तो शोरूमला जाण्याआधी आमच्या ओट्यावर येतो. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, नसरापूर–वेल्हे रस्त्यावर वर्षानुवर्षं वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी भाड्याची जीप, चालवलं. आता गुडघे गेले, स्टिअरिंग सुटलं, पण सल्ल्याला माणसं येतात. आलेला माणूस मोबाइलवर फोटो दाखवतो: सनरूफ, टीव्हीएवढा पडदा, निळे दिवे. अण्णा फोटोकडे बघतही नाहीत. विचारतात, "घर डांबरीपास्नं किती आत हाय?"

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गडांचा इतिहास पोरांना शिकवते. राजगड, तोरणा, रोहिडा आमच्या डोक्यावरच उभे आहेत. पण भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत चाकं कशी आली, कुठली टिकली आणि का टिकली, हे कुठल्या पुस्तकात नाही. ते अण्णांच्या पिढीच्या तोंडी आहे, आणि ती पिढी आता थकलीय.

आधी जमीन समजून घ्यायला हवी. भोर आणि वेल्हे (आता सरकारदरबारी राजगड तालुका) म्हणजे एकमेकींना पाठ लावून बसलेली खोरी. हिरडस मावळ, वेळवंड खोरं, गुंजण मावळ, कानंद खोरं. प्रत्येकाचं तोंड पूर्वेला उघडं, आणि पाठीला सह्याद्रीची भिंत. पुणे–सातारा रस्ता या तोंडांसमोरून सरळ निघून जातो. वेल्ह्याला जायचं तर चेलाडी फाट्याला उतरायचं, भोरला जायचं तर कापूरहोळला. फाट्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत डांबर, त्यापुढे मुरूम, त्यापुढे बैलगाडीची चाकोरी. जून ते सप्टेंबर या चाकोरीवरून भातखाचरांचं पाणी वाहायचं. पुण्याहून फाट्यापर्यंतचा सगळा प्रवास सोपा; खरी परीक्षा शेवटच्या तुकड्यात. अण्णांचा प्रश्न तिथून येतो.

१९४८ साल आमच्यासाठी मोठं गमतीचं आहे. त्या मार्चमध्ये पंतसचिवांचं भोर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. १ जूनला पुणे–अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली बस धावली. आणि त्याच वर्षी मुंबईतल्या एका कंपनीने नाव बदललं. १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी निघालेली महिंद्रा अँड महंमद ही ती कंपनी. भागीदार गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि मागे उरली महिंद्रा अँड महिंद्रा. तिने १९४७ पासूनच अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या जीपा मुंबईत जोडायला सुरुवात केली होती. राजा गेला, एसटी आली, जीप आली. यांतलं काहीच आमच्या खोऱ्यांत त्या वर्षी पोचलं नाही, हा भाग वेगळा.

जीप इकडे आली ती सरकारी होऊन. पानशेत, वरसगावच्या धरणांच्या कामावर पाटबंधारे खात्याच्या जीपा फिरत. १९६२ साली जिल्हा परिषदा झाल्या आणि बीडीओची जीप हा गावोगाव कुतूहलाचा विषय झाला. आरोग्य केंद्राची जीप आली की पोरं सुईच्या भीतीने शेतात पळायची, असं आई अजून सांगते. खाजगी माणसाकडे जीप नव्हतीच. ती आली लिलावातून. खात्याने निकाली काढलेल्या जीपा बोलीवर विकत. घेणारा कुणी भात-व्यापारी, कुणी ठेकेदार. उंच बॉनेटची ती जुनी सीजे-३बी पेट्रोलवर चालायची आणि पेट्रोल भरपूर प्यायची. पुढे लोक तिच्यात डिझेल इंजिन बसवून घेऊ लागले, पुढे कंपनीच डिझेलवाली देऊ लागली, आणि तेव्हा कुठे जीप हा पोटापाण्याचा धंदा झाला.

तो धंदा म्हणजे वडाप. एसटी होती, पण तिच्या दिवसाला ठरलेल्या फेऱ्या. ती मुक्कामाची गाडी चुकली की माणूस फाट्यावर अडकला. चेलाडीवर जीपा नंबर लावून उभ्या असत. भरली की सुटायची. आणि भरली याचा अर्थ परवान्यातल्या आकड्याच्या दुप्पट माणसं. पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना मिळून चार, मधे पाच, मागे समोरासमोर बाकड्यांवर मिळतील तितकी, पायरीवर लोंबकळणारे वेगळे. टपावर भाताची पोती, दुधाच्या किटल्या, कोंबड्यांची डालगी, मुंबईहून सणाला आलेल्यांच्या ट्रंका. आंबवणे, मार्गासनी, विंझर, वेल्हे. मार्गासनीला गुंजवण्याकडे जाणारे उतरत. त्यांत राजगडावर निघालेले पुण्याचे पोरगेही असत, पाठीवर सॅक घेऊन, पायरीवर उभं राहण्यात धन्यता मानणारे. भोरच्या बाजूला हीच तऱ्हा: महुड्याकडे, हिर्डोशीकडे, भाटघरच्या पाण्याच्या कडेकडेने वेळवंडकडे. पौष पौर्णिमेला मांढरदेवीच्या काळूबाईसाठी आंबाडखिंडीचा घाट रात्रभर जीपांच्या दिव्यांनी हलता असे.

हे सगळं बेकायदेशीर होतं आणि धोक्याचं होतं. वडापाच्या आठवणी काढताना लोक हळवे होतात, मला तसं होत नाही. लोंबकळताना पडलेली माणसं मी पाहिली आहेत. पण हेही खरं, की अडलेली बाई रात्री वेल्ह्याहून पुण्याला न्यायची तर कुणाच्या तरी दारातली जीपच उठवली जायची, आणि भाड्याचं बोलणं नंतर व्हायचं.

आता मूळ मुद्दा. वडापवाला गाडी कशी निवडायचा? त्याचं पोट रोजच्या फेऱ्यांवर, डोक्यावर हप्ता. बिघाड त्याला माफ होता, खाडा माफ नव्हता. पाटा तुटला, क्लच प्लेट जळाली, मागच्या धुऱ्याचं बेअरिंग गेलं, हे धरूनच चालायचं. दुप्पट ओझं लादल्यावर दुसरं काय होणार? सवाल इतकाच, की संध्याकाळच्या फेरीला गाडी उभी राहते का. त्यासाठी तीन गोष्टी लागत. सुटा भाग नसरापुरात किंवा भोरमध्ये मिळायला हवा, फार तर पुण्याच्या नाना पेठेत; सकाळच्या एसटीने माणूस पाठवला तर दुपारी घेऊन परत. गावच्या फिटरने ती गाडी आधी उघडलेली असायला हवी. आणि ती उघडायला पान्यांपलीकडे काही लागता कामा नये. भक्कम चॅसी, तिच्यावर ठेवलेली बॉडी, मागे पाटे, इंजिनाची ताकद मागच्या चाकांना: ही रचना त्या हिशेबात बसायची. चॅसीला तडा गेला तर वेल्डिंग होतं. पाट्याचं एक पान तुटलं तर तेवढंच बदलतं. शिवाय मागे वजन पडलं की मागची चाकं चढावर जमीन जास्त घट्ट धरतात. भरलेली जीप पाब्याची खिंड रिकामीपेक्षा बेतशीर चढते असं अण्णा म्हणतात, त्याचं कारण हेच.

या कसोटीवर गाड्या आल्या आणि गेल्या. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आकुर्डीच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स आली. मर्सिडीजच्या परवान्याने बनलेलं तिचं डिझेल इंजिन वडापवाल्यांच्या मनात भरलं. (हीच कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स.) महिंद्राच्या कमांडर, मार्शल नव्वदच्या दशकात रस्ता व्यापून बसल्या. १९९४ साली टेल्कोने सुमो आणली. नाव जपानी पैलवानांवरून नाही. कंपनीचे थोर प्रमुख सुमंत मुळगावकर, त्यांच्या नावातली अक्षरं. ती बनायची पिंपरी-चिंचवडला, म्हणजे आमच्या गावातल्या नोकरदार पोरांच्या हाताखालून. सुमोने एक नवी गोष्ट केली. तिला लोखंडी दारं होती, काचा होत्या, आत बसलेला कोरडा राहायचा. ताडपत्रीच्या जीपेतून जून-जुलैत प्रवास केलेल्यालाच याचं मोल कळेल. लग्नाचं वऱ्हाड सुमोतून जाऊ लागलं, आणि लग्नाला भाड्याने आणलेली गाडी आपल्याही दारात असावी असं पहिल्यांदा घरांना वाटलं. माझ्या मते आमच्याकडच्या घरगुती गाडीचा जन्म तिथे आहे.

२००० साल लागताच दोन गाड्या आल्या. टोयोटाची क्वालिस, जिच्यामागे किर्लोस्करांचं नाव होतं. आणि महिंद्राची बोलेरो. क्वालिस शांत, गुळगुळीत, चिवट. ती पुण्याच्या ट्रॅव्हलवाल्यांनी उचलली. आमच्या खोऱ्यांनी बोलेरो उचलली, कारण खालून ती जीपच होती. सुरुवातीला प्यूजोच्या वळणाचं अडीच लिटरचं इंजिन, मागे पाटे, चौकोनी पत्रा. फिटरला नवीन काही शिकावं लागलं नाही. दोनच वर्षांनी स्कॉर्पिओ आली. नेमका तोच काळ, जेव्हा महामार्ग चौपदरी होत होता, पुणं कात्रज ओलांडून खाली उतरत होतं आणि फाट्याजवळच्या जमिनी गुंठ्याने विकल्या जात होत्या. पांढरी स्कॉर्पिओ गुंठामंत्र्यांची झाली. बोलेरो शेतकऱ्याची, मास्तरांची, दूध डेअरीवाल्याची राहिली. एकाच कंपनीच्या दोन गाड्या, पण लग्नाच्या मांडवाबाहेर त्या कुठे उभ्या केल्यात यावरून आतली पंगत ओळखावी.

बोलेरो बदलली, पण गुपचूप. २०१६ मध्ये तिची लांबी चार मीटरच्या आत आणली, इंजिन दीड लिटरचं तीन सिलिंडरचं केलं. चार मीटरच्या आतल्या लहान इंजिनाच्या गाडीला कर कमी, म्हणून. जुनी अडीच लिटरवाली जपणारे आजही तिच्याबद्दल बोलताना आवाज बदलतात. सेकंडहँड बोलेरो बघायला गेलं की अण्णा इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण उघडतात, तिथून भकाभका धूर आला तर "बॅक कॉम्प्रेशन मारतंय" म्हणून उठतात. मग गाडीखाली वाकून टॉर्चने चॅसी बघतात. बाहेरचा रंग काल मारलेला असू शकतो; खालचा गंज लपत नाही. आमच्याकडच्या पावसात दहा वर्षं फिरलेली गाडी आणि दौंडकडची तेवढ्याच वयाची गाडी यांत खालून जमीन-अस्मानाचा फरक असतो, म्हणून जुनी घ्यायची तर पूर्वेकडची घ्या, हा त्यांचा ठरलेला सल्ला.

आता आमच्याच घरी गाडी घ्यायची आहे. इथवर माझं आणि अण्णांचं एकमत. पुढे नाही.

वडापाने गाडीचा धुरा तपासला, चॅसी तपासली, खिसा तपासला. आत बसलेल्या माणसाची हाडं त्याने कधी तपासली नाहीत. मागच्या आडव्या बाकड्यांवर बसून घाटात मळमळणाऱ्या बायका आणि पोरं, साठी उलटलेल्या आईला दोन्ही हातांनी धरून चढवावी लागणारी उंच पायरी, धडक झाली तर धरायला काही नसलेली मागची माणसं: ही किंमत घरच्यांनी भरली. चालकासमोर एअरबॅग असण्याची सक्ती झाली ती २०१९ साली, आणि धडकेच्या चाचणीचे तारे देणारी भारत एनकॅप ही योजना आली २०२३ मध्ये. हे तारे अण्णांच्या बोलण्यात नाहीत. माझ्या यादीत ते वर आहेत.

दुसरा वाद डिझेलचा. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. नव्या डिझेल गाडीच्या धुराड्याच्या वाटेत काजळी धरणारी जाळी असते. गाडी मोठ्या रस्त्यावर सलग वेगाने चालली की ती काजळी आतच जळून जाते. पण शाळेपर्यंत रोज थोडंसं, तिसऱ्या गिअरमध्ये, खड्डे चुकवत जाणाऱ्या गाडीत काजळी साचत राहते, दिवा लागतो, आणि मग वर्कशॉप. जी गाडी खोऱ्यासाठी म्हणून घ्यावी तिलाच खोऱ्यातला रोजचा तोकडा, संथ प्रवास मानवत नाही. उलट माझा नवरा रोज शिरवळच्या कारखान्यात महामार्गाने जातो. त्याला ते डिझेल चालेल. एकाच घरात दोन रस्ते. म्हणून आमच्या आळीत आता सीएनजीच्या सात आसनी गाड्या दिसू लागल्यात. वेगळी चॅसी नसलेली मोनोकॉक बांधणी, पुढच्या चाकांना ताकद, वडापवाल्याने जिच्याकडे ढुंकून पाहिलं नसतं अशा. रोजच्या चालवण्याला त्या स्वस्त पडतात, आई विनाआधार चढते. अण्णांचं म्हणणं, केळदकडे, मढे घाटाकडे पाहुण्यांना घेऊन जाल तेव्हा पोट घासेल. घासेल, हे मलाही मान्य आहे. पण पाहुणे रोज येत नाहीत, शाळा रोज आहे.

आमच्या फिटरने यावर स्वतःपुरता तोडगा काढलाय. त्याने पुण्याहून स्कॅनर आणला. गाडीला वायर लावतो, त्याचा मुलगा पडद्यावरचा कोड वाचतो, बाप बॉनेटमध्ये हात घालतो. सुटा भाग मात्र आता कंपनीकडूनच मागवावा लागतो, आणि दोन-दोन दिवस गाडी त्याच्या शेडमध्ये उभी राहते. त्याला विचारलं, "कुठली घेऊ?" तर म्हणाला, "बाई, जिचं सेन्सर कमी ती." तशी नवी गाडी आता कुठे मिळते ते त्यालाही सांगता आलं नाही.

आम्ही अजून पैसे भरलेले नाहीत. वरंध घाट पावसामुळे बंद आहे, खाचरं भरलीत, या दिवसांत गाडी घ्यायची घाई कुणी करत नाही. भात कापणीला येण्याआधी एक डिझेल आणि एक सीएनजी अशा दोन गाड्या मागवून पाब्याची खिंड चढवायची, सात माणसं भरून, आईला मधल्या सीटवर बसवून, असं घरात ठरलंय. शोरूमचा पोरगा म्हणतो, टेस्ट ड्राइव्ह चारच किलोमीटरची मिळते. त्याच्याशी बोलणी चालू आहेत.