धूळ, तेल आणि कागद : मोटारीच्या एअर फिल्टरचा इतिहास

मोटारीचे इंजिन पेट्रोलपेक्षा हवा कितीतरी जास्त खाते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला जवळजवळ पावणेपंधरा किलो हवा लागते. आकारमानात सांगायचे तर एका लिटर पेट्रोलमागे सुमारे ९,००० लिटर हवा. ही हवा रस्त्यापासून हात-दोन हात उंचीवरून ओढली जाते, आणि धूळ तिथेच दाट असते. या धुळीत गारगोटीचा, म्हणजे क्वार्ट्झचा, बारीक चुरा भरपूर असतो. खनिजांचा कठीणपणा मोजणाऱ्या मोस श्रेणीत क्वार्ट्झ सातव्या पायरीवर आहे, त्यामुळे सिलिंडरचे बीड त्याच्यापुढे टिकत नाही. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांच्यामध्ये तेलाचा जो पातळ थर असतो, त्यात मावतील एवढे कण, साधारण ५ ते २० मायक्रॉनचे, सर्वांत घातक ठरतात. रिंगा आणि बोअर झिजले की इंजिन तेल खाऊ लागते, सायलेन्सरमधून निळा धूर येतो, आणि शेवटी इंजिन उतरवून बोअर करण्याची पाळी येते.

सुरुवातीच्या मोटारींना फिल्टर नव्हताच. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून जास्त संख्येने बनलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’च्या कार्ब्युरेटरचे तोंड उघडे असे. रस्ते मातीचे होते, तरीही ही उणीव फारशी कोणाला जाणवली नाही. त्या काळची वंगणतेले हलक्या प्रतीची होती आणि तेल गाळण्याची सोय नव्हती. बेअरिंग पुन्हा बसवणे, व्हॉल्व्ह घासणे, कार्बन खरवडणे ही कामे नेहमीची होती. धुळीने होणारी झीज या सगळ्या झिजेत मिसळून जाई आणि तिचा वेगळा हिशेब कोणी ठेवत नसे.

तो हिशेब पहिल्यांदा शेतात मांडला गेला. रस्त्यावरची मोटार आपली धूळ मागे टाकून पुढे जाते. नांगर ओढणारा ट्रॅक्टर मात्र स्वतःच उडवलेल्या धुळीत तासन्‌तास, पूर्ण भाराखाली, माणसाच्या चालीने फिरतो. अमेरिकेच्या कोरड्या पश्चिम भागात नव्या ट्रॅक्टरांची इंजिने एका हंगामातच निकामी होऊ लागली. ट्रॅक्टर विकणाऱ्या फ्रँक डोनाल्डसनने अशा तक्रारींवरून १९१५ मध्ये हवा गाळण्याचे एक साधे उपकरण तयार केले, आणि त्यातून मिनेसोटा राज्यात त्याच्या नावाची कंपनी उभी राहिली. ती आजही फिल्टरच बनवते. १९१७ मध्ये आलेल्या ‘फोर्डसन’ ट्रॅक्टरवर वेगळी युक्ती होती. आत येणारी हवा पाण्यातून नेऊन धुतली जाई. कल्पना सोपी होती, पण हे पाणी रोज भरावे लागे, उन्हात ते उडून जाई आणि थंडीत गोठे. भांड्यात पाणी आहे की नाही यावर इंजिनाचे आयुष्य अवलंबून राहिले. एअर फिल्टरची नियमित देखभाल ही सवय इथूनच सुरू झाली असे म्हणता येते.

कोणते उपकरण खरेच काम करते हे ठरवायला चाचण्या हव्या होत्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील कृषिशाखेत १९२० च्या दशकात ट्रॅक्टरांच्या एअर फिल्टरांची तुलना करण्यात आली, आणि विक्रेत्यांचे दावे व प्रत्यक्ष काम यांत मोठी तफावत दिसली. चाचणीसाठी सगळीकडे एकसारखी धूळ असावी म्हणून पुढे ॲरिझोनातल्या सॉल्ट रिव्हर खोऱ्यातली माती प्रमाण म्हणून रूढ झाली. जनरल मोटर्सच्या ‘एसी’ विभागाने ती गोळा करून, चाळून, कणांच्या आकारानुसार बारीक आणि जाड अशा प्रतींमध्ये पुरवली. आजही एअर फिल्टरच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत याच ॲरिझोना धुळीचे नाव घेतले जाते. चाकण असो की जर्मनी, फिल्टरची परीक्षा अमेरिकेच्या वाळवंटातल्या त्याच मातीवर होते. या साऱ्या प्रवासातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणावी लागेल.

मोटारींकडे फिल्टर आला तो १९२० च्या दशकात. १९२४ च्या पहिल्या क्रायस्लर गाडीत कार्ब्युरेटरवर एअर क्लीनर आणि तेलासाठी बदलता येणारा फिल्टर असे दोन्ही होते. त्या काळी अनेक गाड्यांत तेलाने ओली केलेली तारेची जाळी वापरत. मोठे खडे तिला अडत, बारीक धूळ मात्र निसटे. त्यानंतर रूढ झाला तो ‘ऑइल बाथ’ प्रकार, आणि तो चार-पाच दशके टिकला.

ऑइल बाथची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. खाली तेलाची वाटी, वर तारेची घट्ट गुंडाळी. हवा बाहेरच्या बाजूने खाली येते, तेलाच्या पृष्ठभागावर आपटण्याच्या बेतात असतानाच एकदम वळते आणि वर जाते. हवा वळते, पण तिच्यातले जड कण वळू शकत नाहीत आणि ते तेलात रुततात. वळताना हवा तेलाचे तुषार बरोबर नेते. त्यांनी वरची जाळी ओली राहते, उरलेली धूळ तिथे चिकटते आणि तेलाबरोबर ओघळून पुन्हा वाटीत येते. थोडक्यात, जाळी स्वतःला धुत राहते. मात्र हे सगळे हवेच्या वेगावर चालते. इंजिन मंद चालत असेल तर हवा हळू वळते आणि बारीक कण सुटून जातात. गाडी फार तिरपी झाली तर तेल सांडते. वाटीत खुणेपेक्षा जास्त तेल भरले तर इंजिन ते ओढून घेते. डिझेल इंजिन तर अशा तेलावर बेफाम पळू शकते आणि चावी काढूनही थांबत नाही.

याची देखभाल म्हणजे हाताने करायचे काम होते. वाटी काढायची, तळाला बसलेला काळा चिखल खरवडून टाकायचा, वाटी आणि जाळी रॉकेलमध्ये धुवायची, वाळवायची, खुणेपर्यंत ताजे तेल भरायचे. धुळीच्या हंगामात ट्रॅक्टरवर हे रोज करावे लागे. यात पैसा फारसा लागत नसे, श्रम लागत. जितक्या वेळा साफ करावे तितके इंजिनाला चांगले, हा नियम मिस्त्रींच्या हातात मुरला तो इथे, आणि या उपकरणापुरता तो शंभर टक्के खरा होता.

दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटाने या सगळ्याची कसोटी घेतली. ब्रिटिशांच्या स्पिटफायर विमानांना नाकाखाली व्होक्स कंपनीचा मोठा फिल्टर बसवावा लागला. इंजिन वाचले, पण विमानाचा वेग घटला. मग इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळच्या अबुकिर येथील दुरुस्ती तळावर त्याहून आटोपशीर फिल्टर तयार करण्यात आला. जर्मनांनी टायगर रणगाड्यांच्या मागच्या बाजूला ‘फायफेल’ पद्धतीचे नळकांडे बसवले. त्यात हवा गरागरा फिरवून धूळ आधीच बाहेर फेकली जाई. आधी फिरवून जड धूळ वेगळी करायची आणि मग गाळायचे, ही दोन टप्प्यांची पद्धत आज मोठे ट्रक, ट्रॅक्टर आणि बांधकामाची यंत्रे यांवर सर्रास दिसते.

कागदाचा फिल्टर मोटारींवर पसरला १९५० च्या दशकापासून. राळेने पक्का केलेला, घड्या घातलेला कागद. घड्यांमुळे छोट्या चौकटीत बरेच मोठे क्षेत्रफळ बसते, म्हणून हवेला अडथळा कमी होतो. चांगला कागद चाचणीच्या धुळीपैकी ९९ टक्क्यांहून जास्त अडवतो, आणि इंजिन मंद चालो वा वेगात, त्यात फारसा फरक पडत नाही. तेल नाही, सांडणे नाही, बॉनेट खुशाल बुटके करता येते. एक मोठा बदल मात्र झाला: हा फिल्टर धुता येत नाही. मळला की फेकायचा आणि नवा घालायचा. देखभालीचा खर्च मिस्त्रीच्या श्रमातून निघून सुट्या भागाच्या किमतीत गेला, आणि फिल्टर बनवणे हा स्वतंत्र, कायम चालणारा उद्योग झाला.

कागदाचा आणखी एक गुण सहसा सांगितला जात नाही. तो थोडा मळल्यावर जास्त चांगला गाळतो. कोऱ्या कागदाची छिद्रे मोकळी असतात, त्यातून थोडी बारीक धूळ पार होते. मग पृष्ठभागावर धुळीचाच एक पातळ थर बसतो आणि पुढची धूळ तो थर अडवतो. थर फार जाड झाला की हवा अडते. म्हणजे फिल्टर बदलण्याची योग्य वेळ ही मळण्याची नाही, कोंडण्याची आहे.

भारतात हे दोन्ही प्रकार दीर्घकाळ शेजारी शेजारी नांदले. मुंबईत महिंद्रांनी जोडायला घेतलेल्या विलिस जीपगाड्यांवर ऑइल बाथ होता, आणि काही ट्रॅक्टरांवर तो आजही आहे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि कागदी फिल्टर मध्यमवर्गाच्या घरापर्यंत पोचला. गाडी बदलली, तरी गॅरेजातला हात तोच राहिला. जीप आणि ट्रॅक्टरची वाटी धुण्यात वर्षे घातलेल्या मिस्त्रीने कागदी फिल्टरही प्रत्येक सर्व्हिसिंगला बाहेर काढला, जमिनीवर आपटला आणि कॉम्प्रेसरची हवा मारून ‘साफ’ केला. ही सवय वाईट हेतूची मुळीच नव्हती. जुन्या उपकरणाचा चोख नियम नव्या उपकरणाला लागू केला गेला, एवढेच. पण जोरदार हवेने घड्यांत डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात, आपटण्याने कडेचे रबर वाकडे होते, आणि कामाला आलेला धुळीचा थर दरवेळी निघून जातो. शिवाय प्रत्येक वेळी फिल्टरचा डबा उघडताना थोडी धूळ स्वच्छ बाजूला पडतेच. काही कंपन्यांच्या पुस्तिका धुळीच्या भागात फिल्टर अधूनमधून झटकायला सांगतात. तिथे हवा मारायचीच तर ती कमी दाबाने, आतून बाहेर आणि अंतर राखून मारावी.

बदलण्यामागचे कारणही काळाबरोबर बदलले. कार्ब्युरेटरच्या दिवसांत फिल्टर कोंडला की पेट्रोलचे प्रमाण वाढे, काळा धूर येई आणि ॲव्हरेज पडे. म्हणून ‘फिल्टर बदला, पेट्रोल वाचवा’ हा सल्ला घरोघर पोचला. भारतात २००० च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि इंधन इंजेक्शन सर्वत्र आले. या पद्धतीत येणाऱ्या हवेच्या मापाने संगणक पेट्रोल कमी-जास्त करतो. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये केलेल्या अभ्यासात इंजेक्शनच्या गाड्यांचे ॲव्हरेज कोंडलेल्या फिल्टरने लक्षात येण्याजोगे घटले नाही, मात्र पिकअप घटला. जुना सल्ला अजून ऐकू येतो, पण आजच्या गाडीत फिल्टर बदलायचा तो ताकदीसाठी आणि इंजिनाच्या आयुष्यासाठी.

केव्हा बदलावा याचे पहिले उत्तर गाडीच्या पुस्तिकेत असते. तो आकडा गाडीगणिक वेगळा असतो. डांबरी रस्त्यांवर तो बऱ्याच गाड्यांना २० ते ४० हजार किलोमीटरच्या दरम्यान सांगितलेला आढळतो, आणि धुळीच्या रस्त्यांसाठी त्याच पानावर बरेच कमी अंतर दिलेले असते. मुरमाच्या रस्त्यावर, उसाच्या फडात, खडीच्या क्रशरजवळ किंवा बांधकामाच्या आवारात रोज फिरणाऱ्या गाडीने तो दुसरा आकडाच आपला मानावा. मोठ्या डिझेल गाड्यांना अंदाज बांधावा लागत नाही. फिल्टरमागची ओढ ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की नळीवरच्या दर्शकात लाल पट्टी वर येते. मोटारीत हे सहसा नसते, म्हणून घड्या उलगडून पाहाव्या लागतात. वरवर करडा रंग दिसला म्हणजे फिल्टर संपला असे नाही. घड्यांच्या तळापर्यंत धूळ गच्च भरली असेल, कागद तेलकट, ओला किंवा फाटका असेल, तर मात्र किलोमीटर न मोजता बदलावा.

ओल्या फिल्टरची बाब गंभीर आहे. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पुरात अडकलेल्या अनेक गाड्यांच्या इंजिनात हवेच्या मार्गानेच पाणी गेले. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे चालत्या इंजिनात ते शिरले की कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यातून काढलेल्या गाडीचा फिल्टरचा डबा आधी उघडावा, आणि कागद भिजलेला दिसला तर स्टार्टर मारूच नये. याच डब्यात उंदीर घरटे करतात हाही नेहमीचा अनुभव आहे. चिंध्या आणि पालापाचोळा निघाला तर फिल्टरबरोबर पुढची नळीही तपासावी लागते.

प्रत्यक्ष बदलणे पाच-दहा मिनिटांचे काम आहे. इंजिन बंद आणि थंड असावे. डब्याच्या क्लिपा किंवा स्क्रू सोडायचे, झाकण वायरी आणि नळी न ताणता उचलायचे, जुना फिल्टर धूळ न सांडता सरळ वर काढायचा. डब्याच्या तळाची माती फडक्याने टिपून घ्यायची, फुंकायची नाही. यानंतर पाहायची जागा म्हणजे इंजिनाकडे जाणारी स्वच्छ बाजू. तिथे बोट फिरवल्यावर धुळीचा पट्टा लागला, तर फिल्टर नीट बसलेला नव्हता किंवा नळीला फट आहे, आणि नुसता नवा कागद घालून भागणार नाही. नवा फिल्टर जुना होता त्याच बाजूने, कडेचे रबर खाचेत पूर्ण बसेल असा ठेवायचा, झाकण सर्व बाजूंनी सारखे दाबायचे आणि मग क्लिपा लावायच्या. स्वस्तातला, मापात किंचित कमी असलेला फिल्टर इथेच घात करतो, कारण कडेच्या बारीक फटीतून जाणारी हवा अजिबात गाळली जात नाही. शेवटी चौकटीच्या कडेवर तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवले, की पुढच्या सर्व्हिसिंगला डबा विनाकारण उघडावा लागत नाही.